दोन विहिणी, चार टायर

लातूरहून कर्नाटकातल्या खजुरीला जायला बस आहे, वडाप आहे, आणि आमच्या व्याह्यांची पांढरी जीपही आहे. मी गेले सायकलवर, आणि तेही सरळ नाही. उदगीर, ठाणाकुशनूर, संतपूर, बीदर, बसवकल्याण असा सगळा वळसा घालून. परत आल्यापासून जो तो विचारतो, "पण कशासाठी?" दुकानात ब्लाउजचं माप द्यायला आलेल्या बायका तर माप राहू देतात आणि आधी हेच विचारतात. एकेकीला सांगून तोंड दुखलं, म्हणून एकदाच लिहून काढते.

कारण आमची रेवा. ती पुण्यात असते आणि फाल्गुनात बाळंत होणार आहे. पहिलं बाळंतपण माहेरी करायची पद्धत, पण तिचा दवाखाना पुण्याचा, नोकरी पुण्याची. म्हणून मी तिकडे जाणार असं ठरलं. तेवढ्यात तिच्या सासूबाईंनीही, म्हणजे खजुरीच्या शांतम्मांनीही, बॅग काढली. घर दोन खोल्यांचं. रेवाने आम्हा दोघींना एकत्र फोन लावला आणि म्हणाली, "तुम्ही दोघी एकमेकींशी इतक्या गोड बोलता की मला धडकी भरते. आधी चार दिवस कुठेतरी बरोबर काढून बघा. जमलं तर दोघी या. नाही जमलं तर एकीनेच यायचं, आणि कुणी ते तुम्हीच ठरवायचं."

आता मुलीची आई आणि मुलाची आई यांनी गोड बोलायचं नाही तर काय करायचं? आमच्याकडे विहिणीला ईनबाई म्हणतात आणि ईनबाईशी बोलताना आवाजातसुद्धा तूप असावं लागतं. लग्नाला तीन वर्षं झाली, पण आम्ही एकमेकींना "नको" हा शब्द अजून ऐकवला नव्हता. शांतम्मांना साखरेचा त्रास, म्हणून डॉक्टरांनी सायकल सांगितलेली. मी गुडघ्यांसाठी रविवारी सकाळी लातुरात सायकल चालवणाऱ्या मंडळींबरोबर जाते. शांतम्माच म्हणाल्या, "माझं माहेर संतपूर. लगीन झाल्यापासून म्या गाडीत बसूनच सासरी गेले. एकदा सायकलीवर जायाचंय. येळवशीला खजुरीत पोचू." येळवस म्हणजे वेळ अमावस्या. त्या दिवशी आमच्या दोन्हीकडच्या गावांत कुणी घरी जेवत नाही, सगळे शेतात.

ठाणाकुशनूर

निघायच्या आधी मी टायर बदलले. सायकलीबरोबर आलेले टायर अगदी बारीक होते. डांबरावर सुसाट पळायचे, पण खड्डा आला की माकडहाडापासून कवळीपर्यंत निरोप पोचायचा. दुकानदाराने माझ्यापुढे चार रुंदीचे टायर मांडले. बारीक घेतला तर हलका आणि चपळ, पण हाडं खिळखिळी करणारा. जाड घेतला तर पोटात हवा जास्त, म्हणून गादीसारखा मऊ, पण ओढायला जड आणि वळायला आळशी. मी आयुष्यभर ब्लाउज शिवले. घट्ट शिवला की बाई शिव्या देते आणि ढगळ शिवला की पैसे देत नाही, हे मला माहीत आहे. मी मधला, बत्तीस मिलिमीटरचा घेतला, आणि त्यात हवाही थोडी कमीच ठेवली. अंगठ्याने दाबला की किंचित आत जावा, असा.

उदगीरपर्यंत बसने सायकल आणली आणि तिथून एकटीच निघाले. सीमा कुठे ओलांडली ते मला टायरने सांगितलं, कारण रस्त्याचा पोत बदलला. कोणत्या राज्याचा रस्ता बरा ते मी लिहीत नाही, मला दोन्हीकडे नातेवाईक आहेत. दोन्ही बाजूंना तूर पिवळी पडत आलेली, मध्येच हिरवागार हरभरा. ठाणाकुशनूरला चहाला थांबले तर बाकावरच्या एका आजोबांनी माझं हेल्मेट बघून विचारलं, "कामून सायकलीवर जायलाव, बाई? नवस हाय का?"

"नाही हो, विहिणीकडे चाललेय."

आजोबांनी कपाळाला हात लावला. "मंग नवसापेक्षा अवघड हाय की."

संतपूर

शांतम्मा भावाच्या दारात उभ्याच होत्या. उंच, सावळ्या, गळ्यात इष्टलिंगाची चांदीची पेटी, पायांत पांढरे बूट. "शरणू, ईनबाई. या या. दमलाव का? बसा की." पायांवर गरम पाणी, मग चहा, मग शेंगाचटणी, भरलं वांगं आणि बाजरीची तीळ लावलेली भाकरी. तिसऱ्या भाकरीला मी पुरे म्हणाले. चौथी आली. त्या कानडीत "साकू का?", म्हणजे पुरे का, असं विचारायच्या आणि मी होकाराची मान हलवली की ती मान त्यांना आडवी दिसायची.

त्यांची सायकल परसात होती. पुतण्याची, डोंगरात चालवायची, सव्वादोन इंची टायर. एवढा जाड टायर मी दुकानातही हातात घेऊन बघितला नव्हता. दाबून बघितला तर दगड. इतका गुबगुबीत टायर घ्यायचा आणि त्यात लोखंडासारखी हवा भरायची, म्हणजे गादी घेऊन ती उभी करून टेकून बसण्यासारखं. मला त्यांची दया आली. पण सांगायचं कसं? "तुमची हवा चुकलीय" असं मुलाच्या आईला सांगायला मुलीच्या आईकडे शब्द नसतात. म्हणून मी ठरवलं की आपण गुपचूप करायचं.

पहाटे मला परसातून "फुस्स, फुस्स, फुस्स" असा आवाज आला. या वयात शांतम्मा पूजेनंतर प्राणायाम करतात, हे ऐकून मला मनातून ओशाळल्यासारखं झालं. मी गोधडीत तोंड खुपसलं.

निघायच्या वेळी मी हळदकुंकवाची डबी काढली. सायकलींची पूजा करते म्हणाले, खाली बसले, आणि त्यांच्या दोन्ही चाकांना कुंकू लावता लावता भरपूर हवा सोडून दिली. मग माझ्या सायकलीला कुंकू लावायला गेले तर माझे टायर टणक. काल रात्री तर मऊ होते. मला वाटलं, कर्नाटकातली हवा जरा जोमाची असेल. त्यांतलीही सोडली. शांतम्मा हात जोडून उभ्या होत्या. "लई देवधर्म हाय बघा तुम्हाला," त्या म्हणाल्या.

बीदर

रस्ता चांगला होता, थंडी गोड होती, आणि शांतम्मा मागे पडत होत्या. माहेरच्या वेशीपर्यंत त्या गाणं गुणगुणत आल्या, पुढच्या चढाला गाणं थांबलं, आणि बीदरची तटबंदी दिसेपर्यंत बोलणंही. मी दर फर्लांगाला थांबून मागे बघायची. "थांबू नका ईनबाई, म्या आलेच," असं म्हणत त्या धापा टाकत यायच्या. मला वाटलं, मऊ टायरवर बसून बाई सुखाने हळू चालवतेय.

शहरात शिरताना एका सायकलच्या दुकानापुढे मालकाने त्यांची सायकल बघितली. "अम्मा, इत्ते मोटे टायर लेको कां जारे?"

"खजुरी," शांतम्मा म्हणाल्या.

"हौ? इत्ता दूर?" त्याने टायरला लावायला पाय पुढे केला तशी मी मध्ये पडले आणि किल्ल्याचा रस्ता विचारला. किल्ला समोरच दिसत होता. त्याने माझ्याकडे असं बघितलं, जणू उन्हाने बाईचं डोकं फिरलंय.

रात्री त्यांच्या मावसबहिणीकडे मुक्काम. तिथेही पानात पाचवी पोळी आणि अंगावर तीन रग. उकाड्याने मला झोप लागेना, पण रग काढला तर घरच्यांना थंडी घालवता आली नाही असं वाटेल, म्हणून मी घामाघूम पडून राहिले. बदला म्हणून नव्हे, प्रेमापोटीच, मी सकाळी स्वयंपाकघरात जाऊन शांतम्मांचा चहा बिनसाखरेचा केला. त्यांनी तो औषधासारखा घोट घोट घेतला आणि "झकास झालाय" म्हणाल्या. पहाटेचा प्राणायाम झाला होता. माझं हळदकुंकूही झालं.

बसवकल्याण

या दिवसाचं वर्णन माझ्या पाठीने लिहायला हवं. हवा कमी केली तरी माझे टायर रोज टणक कसे होतात ते मला कळेना. घाईत वाव मिळाला नव्हता, थोडीच सोडता आली होती. हुमनाबादच्या पुढे दुरुस्तीचा रस्ता लागला आणि प्रत्येक खडा माझ्या कमरेत नाव नोंदवून गेला. शांतम्मांचा तर चेहरा उतरला होता. उतारावरसुद्धा त्यांना पायडल मारावं लागत होतं. वळणावर सायकल भलतीकडेच जायची आणि त्या तिला रागवायच्या, कानडीत.

यात्री निवासात पोचलो, जेवलो. बाहेर कट्ट्यावर बसलो तेव्हा शांतम्मा पोटऱ्या दाबत होत्या. मग म्हणाल्या, "ईनबाई, एक बोलू? पुण्याला तुम्हीच जावा."

"का हो?"

"म्या समजत होते, अंगात अजून लई ताकद हाय. पर दोन दिस झाले, पायातलं बळच गेलंय. सपाटीला बी ओढत न्हाई. उद्या लेकरू हातात घ्यायचं, रात्री जागायचं. माझ्यानं व्हईल का न्हाई, मलाच भेव वाटायलंय."

खरं सांगते, ते ऐकून मला आधी आनंद झाला. नातवंड माझ्या एकटीच्या मांडीवर, असं चित्र डोळ्यांपुढे आलं आणि ते फार सुंदर होतं. मग माझी कंबर ठणकली. वाकून बाळाला अंघोळ घालायची ही कंबर, आणि तिची अवस्था ही. मी म्हणाले, "नाही हो, तुम्हीच जा. माझी पाठच कामातून गेलीय." त्यावर त्या म्हणाल्या, "छे छे, तुम्ही." मी म्हणाले, "तुम्हीच." अशा आम्ही एकमेकींना आपलं नातवंड आग्रहाने वाढत बसलो. दोघींनाही ते हवं होतं आणि कुणालाही तसं म्हणवेना. झोपायला गेले तेव्हा मला रडू येत होतं.

खजुरीच्या अलीकडे

आळंद मागे टाकून आम्ही खजुरीच्या रस्त्याला लागलो. शेवटचा टप्पा, आणि दोघींचंही लक्ष कुठेच नव्हतं. मी सकाळी सवयीने कुंकू लावलं होतं, आणि आज तर शांतम्मा इतक्या दुःखी होत्या की त्यांच्या पुढच्या चाकातली हवा मी जरा जास्तच सोडली, निदान शेवटचा दिवस तरी बाईला सुखाचा जावा म्हणून.

एका वळणावर डांबर संपलं आणि सुटी खडी आली. मी पुढे होते. मागून "अय्यो" असा आवाज आला, मग धप्प, मग काहीच नाही. वळून बघितलं तर रस्त्यावर ना सायकल ना शांतम्मा. सायकल टाकून पळत गेले. रस्त्याच्या कडेला हरभऱ्याच्या शेतात शांतम्मा बसल्या होत्या, बूट वर, हेल्मेट डोळ्यांवर, कोपराला खरचटलेलं. बाकी सगळं शाबूत.

शेतातली बाई खुरपं घेऊन आली. तिने आधी हरभऱ्याकडे बघितलं, मग शांतम्मांकडे, मग सायकलीकडे. पुढचा टायर रिमवरून अर्धा उतरून जीभ काढल्यासारखा लोंबत होता.

"हवाच न्हाई की यात," ती म्हणाली.

"आसं कसं?" शांतम्मा हेल्मेट वर करत म्हणाल्या. "पहाटेच भरलीय म्या. दोन्ही सायकलीत. पूजा झाली की रोज भरते."

मी म्हणाले, "दोन्ही?"

"व्हय. आमच्या घरी पाव्हण्याची गाडी तशीच जाऊ देत न्हाईत. पुसायची, हवा भरायची, मंगच धाडायची. सासऱ्यापासून हाय हे. तुमचे टायर तर रोज मऊ पडलेले. मला वाटलं, गरिबाला पंक्चर हाय आन् सांगायला लाजायलीय."

म्हणजे तो प्राणायाम नव्हता.

मी खाली बसले, आंबट हरभऱ्यातच. "माझे टायर मीच मऊ ठेवले होते, शांतम्मा. मुद्दाम. पाठीसाठी." आणि मग घशाशी आलेलं बाहेर पडलं. "आणि तुमची हवा रोज मी सोडत होते. कुंकू लावताना."

त्यांनी हेल्मेट काढून मांडीवर ठेवलं. खुरपंवाली बाई दोघींकडे बघत खाली बसली, तिला आता उठायचं नव्हतं.

"कामून?" शांतम्मा अगदी हळू म्हणाल्या.

"तुम्हाला हादरे बसू नयेत म्हणून."

"म्या म्हनले होते का हादरे बसायलेत म्हणून? मला टणटणीत लागतंय. जाड टायर कडक भरला की कसा हलका पळतोय, खड्ड्यालाही भीत न्हाई. तुम्ही मला चिखलात चालवल्यावानी तीन दिस ओढायला लावलाव. म्या समजायले, म्हातारी झाले. रात्री रडले म्या, ठावं हाय का?"

"मग मी नाही रडले? माझ्या बत्तीसच्या टायरमध्ये तुम्ही दगड भरलेत. माझी कंबर मोडली. विचारलं का एकदा तरी?"

"पाव्हण्याला इचारतेत का, हवा भरू का म्हणून?"

"भाकरीलाही विचारत नाही तुम्ही. साकू, साकू करता आणि वाढत जाता. आणि ते तीन रग. उकडून मेले मी."

"आन् तुमचा चहा? यव्वा, तो चहा. एक चमचा साखर चालतीय मला, डॉक्टरनं सांगितलंय. इचारायचं तर."

तीन वर्षांचं तूप एका दमात उतरलं. रुखवतातला करंज्यांचा डबा, बारशाच्या आधीच ठरवलेलं नाव, आमच्या जावयाच्या, म्हणजे शिवूच्या, वाढदिवसाला मी पाठवलेला शर्ट जो म्हणे त्याला काखेत काचतो. माझ्या शिवणकामावर बोट. मी उभी राहून बोलू लागले. त्याही उभ्या राहिल्या. खुरपंवाली बाई मात्र हरभऱ्याचे घाटे सोलून खात होती. आम्ही दोघी दम घ्यायला एकदमच थांबलो तेव्हा तिने मूठभर घाटे पुढे केले आणि विचारलं, "जावा-जावा हाव का?"

"ईनी-ईनी," शांतम्मा म्हणाल्या.

"आसं व्हय," ती म्हणाली. "मला वाटलं सख्ख्या हाव."

यावर आधी कोण हसलं ते सांगता येणार नाही. पण हसताना शांतम्मांना ठसका लागला, मी त्यांची पाठ चोळली, आणि तीन वर्षांत पहिल्यांदा मी त्यांना काही न विचारता हात लावला, हेही माझ्या नंतर लक्षात आलं.

त्यांच्या कॅरिअरला पंप बांधलेला होताच. टायर रिमवर बसवला. त्यांनी त्यांच्या चाकात त्यांना हवी तशी भरली आणि मी माझ्या चाकातली मला हवी तशी सोडली, आता उघड. मग थोड्या अंतरासाठी आम्ही सायकली बदलून बघितल्या. खडीवर त्यांचा जाड टायर म्हणजे चैन होती, पण वळवायचं म्हटलं की म्हशीला पाण्यातून बाहेर काढायचं. त्या माझ्या बत्तीसवर डांबरावरून पुढे जाऊन परत आल्या. "ही तर लई पळायलीय," म्हणाल्या, "पर बुडाखाली मला काही वाटंना. मला माझीच बरी." मलाही माझीच बरी वाटली. कुणाला किती रुंदीचा टायर लागतो ते ज्याच्या त्याच्या बुडाला विचारावं, दुकानदाराला नाही आणि विहिणीला तर मुळीच नाही, एवढं मी या प्रवासात शिकले. त्या दिवशी खजुरीपर्यंत शांतम्मा माझ्या पुढे होत्या आणि गाणं गुणगुणत होत्या.

खजुरी, येळवस

व्याह्यांच्या शेतात कडब्याची खोप उभारलेली, तिच्यात पांडव म्हणून मांडलेले पाच दगड, त्यांना चुन्याचे बोटभर ठिपके. गाडग्यात आंबील, भलंमोठं पातेलंभर भज्जी, म्हणजे शेंगा-पालेभाज्यांची घट्ट मिसळ, ज्वारी-बाजरीचे वाफवलेले उंडे, तिळाची पोळी. आमच्या लातूरकडे भज्जीत चिंच जरा जास्त घालतात, इथे शेंगाकूट जास्त. एरवी मी "वा, आमच्यापेक्षा छान" म्हटलं असतं. मी म्हणाले, "चिंच कमी पडलीय." शांतम्मा म्हणाल्या, "मंग तुमच्या घरी घाला," आणि माझ्या पानात आणखी वाढायला हात पुढे केला. मी पानावर हात आडवा धरला. त्यांनी तो बघितला, आणि पळी परत पातेल्यात ठेवली.

व्याही शेतात फिरून पिकांवर आंबील शिंपडत होते आणि अर्थ कुणालाच ठाऊक नसलेली येळवशीची आरोळी ठोकत होते, तेवढ्यात रेवाचा फोन आला. मी स्पीकर लावून फोन उंड्यांच्या ताटाशी ठेवला.

"पोचलात? कसं झालं? खरं सांगा हं."

"छान झालं," माझ्या तोंडून सवयीने गेलं.

शांतम्मांनी फोन उचलून तोंडाजवळ धरला. "छान काय? भांडलाव आम्ही. हरभऱ्यात बसून. शेतवालीनं ऐकलंय समदं."

मला भीती वाटली. आता ती म्हणेल, एकीनेच या.

"मग?" रेवाने विचारलं.

"मंग हसलाव. मंग जेवलाव."

पोरगी हसतेय की रडतेय ते मला कळेना. नाक ओढत ती म्हणाली, "दोघी या. दोघीही. मला खूप भीती वाटत होती, आई. घरात काय काय मनात ठेवून बसाल म्हणून. आता नाही वाटत."

शांतम्मांनी पदराने डोळे टिपले, मग घसा खाकरून म्हणाल्या, "येतो. पर लेकराला अंघोळ म्या घालणार, आधीच सांगते."

"का म्हणून?" मी म्हणाले. "पाणी किती गरम करता तुम्ही ते बघितलंय मी संतपुरात."

"आन् तुम्ही काय कोमट घालणार? सर्दी व्हईल त्याला."

"त्याला की तिला, ते आधीच ठरवू नका."

तेवढ्यात आठवलं की फोन चालूच आहे. मी घाईने म्हणाले, "रेवा, ठेवतेस का? आमचं जरा..."

"नाही," पलीकडून रेवा म्हणाली. "चालू द्या तुमचं. मी ऐकतेय."